लाल तोंडाचा हापसा: बांगलादेशातील आर्सेनिकचे प्रकरण

साल 2000 च्या आगेमागे बांगलादेशातल्या खेड्यांत तपासनीस फिरत होते. अंगणातल्या हापशाजवळ बसायचे, थोडा वेळ हापसून पाइपात साचलेले पाणी जाऊ द्यायचे आणि मग छोटी बाटली भरून घ्यायची. त्यात आम्ल आणि जस्ताची पूड पडली की पाणी फसफसू लागे. बाटलीच्या झाकणाखाली रसायन लावलेली कागदाची पट्टी अडकवलेली असे. पाण्यात आर्सेनिक हे विष असेल तर त्याचा वायू होऊन वर येतो आणि पट्टीला रंग चढतो. पट्टी पांढरी राहिली तर हापशाच्या तोंडाला हिरवा रंग फासायचा. पिवळी होत होत तपकिरी झाली तर लाल. हिरव्या आणि लाल हापशाच्या पाण्यात डोळ्यांना, नाकाला, जिभेला आर्सेनिकचा काही फरक कळत नाही. ते उकळून जात नाही. उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच.

अशा रीतीने जवळपास 50 लाख हापसे तपासले गेले आणि त्यांतले सुमारे 14 लाख लाल निघाले. ज्या घरासमोर लाल रंग लागला, त्या घराला पहिल्यांदा पटतच नसे. याच हापशाने तुमची पोरे जगवली, असे त्यांना वीस वर्षे सांगण्यात आले होते, आणि ते सांगणे खोटे नव्हते.

सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात हे प्रकरण बहुधा ‘चांगल्या हेतूने झालेली चूक’ म्हणून शिकवले जाते. मला ते तेवढ्यावर सोडणे पटत नाही. चूक कळल्यानंतर जे झाले आणि जे झाले नाही, तो या प्रकरणाचा अधिक बोचरा भाग आहे.

पोरे जगवणारे पाणी

1970 च्या दशकापर्यंत बांगलादेशातले गाव तळ्याचे, नदीचे नाहीतर उघड्या विहिरीचे पाणी प्यायचे. त्याच तळ्यात भांडी घासायची, गुरे धुवायची आणि पावसाळ्यात आजूबाजूची सारी घाण वाहून तिथेच यायची. कॉलरा आणि हगवण यांना एवढे पुरेसे होते. 1960 मध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे 151 बाळे पहिला वाढदिवस बघत नसत.

जमिनीखालच्या पाण्यात जंतू नसतात, हे साधे तत्त्व घेऊन युनिसेफ आणि सरकारचे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते कामाला लागले. हापसे बसवायचे, लोकांना तळ्यापासून तोडायचे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी आणून टाकलेला गाळ भुसभुशीत असल्यामुळे बोअर मारायला मोठे यंत्रही लागत नाही. बांबूच्या तरफेने लोखंडी पाइप खालीवर करतात. वर बसलेला मिस्त्री पाइपाच्या तोंडावर तळहात दाबून धरतो आणि नेमक्या क्षणी उचलतो, की चिखल-वाळूची पिचकारी बाहेर येते. तळहात हाच व्हॉल्व्ह. काही तासांत पाणी लागते. त्यामुळे सरकारी कार्यक्रमाने सुरुवात करून दिली तरी पुढचे बहुतेक हापसे, तिकडच्या बोलीत चापकल, लोकांनी स्वतःच्या खिशातून बसवले. घरच्या बाईची पायपीट वाचली. अंगणात हापसा असणे ही पत झाली. 1990 च्या दशकात ग्रामीण भागातल्या 97 टक्के लोकांना ‘सुरक्षित’ पाणी मिळते, असे अभिमानाने सांगितले जाऊ लागले.

बालमृत्यू खरेच उतरले. 1996 पर्यंत हजारी 151 वरून 83 वर आले. त्याचे सगळे श्रेय हापशाला देता येणार नाही. लसीकरण होते, आणि मीठ-साखरेच्या पाण्याचा मोठा वाटा होता. तोंडाने द्यायच्या त्या क्षार-द्रावणाची कॉलराच्या रुग्णांवरची पहिली यशस्वी चाचणी 1968 मध्ये ढाक्यातच झाली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण गरीब देशात संशोधन होत नाही म्हणून असे प्रकार घडतात, ही आपली आवडती समजूत इथे लागू पडत नाही. हगवणीवरचे जगातले उत्तम संशोधन ज्या देशात चालले होते, त्याच देशात हे घडले. कदाचित त्यामुळेच घडले. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जंतू होते आणि पाणी चांगले की वाईट हा प्रश्न ‘त्यात जंतू आहेत का’ इथेच संपत होता. आर्सेनिकची चाचणी तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत नव्हतीच.

त्वचारोगाच्या ओपीडीत आलेली माणसे

पहिली खूण सीमेपलीकडे सापडली. 1983 च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतून वेगळेच रुग्ण येऊ लागले. छाती-पाठीवर काळपट कातडी आणि तिच्यावर फिकट ठिपके, जणू धुळीवर पावसाचे थेंब पडून गेलेत. तळहात आणि तळपाय जाड, खरखरीत, आणि त्यांवर मक्याच्या दाण्याएवढ्या टणक गाठी. अशा हाताने कोयता धरवत नाही आणि भेगा पडलेल्या तळव्यांनी भाताच्या चिखलात उभे राहवत नाही. हा आर्सेनिकचा, आपल्या जुन्या शब्दात सोमलाचा, जुनाट परिणाम होता. 1987 पर्यंत अशा रुग्णांत बांगलादेशातून आलेली माणसेही दिसली होती.

बांगलादेशाच्या आत पाण्यात आर्सेनिक असल्याची पहिली अधिकृत नोंद 1993 मध्ये चापाई नवाबगंज जिल्ह्यात झाली. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती बाटल्या घेऊन गावोगाव फिरत होते आणि बोलतही होते. 1995 मध्ये कोलकात्यात या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. म्हणजे कोलकात्याच्या ओपीडीत बांगलादेशी रुग्ण दिसल्यापासून देशभर पाण्याचे नमुने गोळा होईपर्यंत दहाएक वर्षे गेली. सीमेच्या अलीकडच्या डॉक्टरला जे दिसते ते पलीकडच्या पाणीखात्यापर्यंत पोहोचायला कुठलाच रस्ता नव्हता. रोगाची नोंद एका खात्यात, पाण्याची दुसऱ्यात, आणि मध्ये देशाची हद्द.

मोठे चित्र आले ते ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशी खात्याबरोबर 1998-99 मध्ये केलेल्या पाहणीतून. देशाच्या 64 पैकी 61 जिल्ह्यांतले 3,534 नमुने. 150 मीटरपेक्षा उथळ बोअरांपैकी 27 टक्क्यांत बांगलादेशाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा, जास्त आर्सेनिक निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्ये आपली मर्यादा 10 वर आणली होती. ती धरली तर 46 टक्के. माणसांत मोजायचे तर 50 च्या वर सुमारे 3.5 कोटी आणि 10 च्या वर 5.7 कोटी लोक. 2000 मध्ये ॲलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात लिहिले की लोकसंख्येला झालेली इतिहासातली ही सर्वांत मोठी विषबाधा आहे, भोपाळ आणि चेर्नोबिलपेक्षाही मोठी.

ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेची आणखी एक पाहणी आधी झाली होती, 1992 मध्ये. सुमारे 150 बोअरांचे पाणी तपासले, अनेक मूलद्रव्ये मोजली. आर्सेनिक मोजले नाही. पुढे एका बांगलादेशी रहिवाशाने इंग्लंडच्या न्यायालयात दावा लावला, की या अहवालामुळे पाणी पिण्याजोगे असल्याचा समज झाला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेले आणि 2006 मध्ये फेटाळले गेले. त्या पाण्यावर संस्थेचा कसलाही ताबा नव्हता, तेव्हा ते पिणाऱ्या कोट्यवधी लोकांप्रती तिचे कायदेशीर कर्तव्य निघत नाही, असा निकाल. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेलही. पण सर्वेक्षण करणाऱ्या प्रत्येकाने हा खटला वाचावा असे मला वाटते. ‘आढळले नाही’ आणि ‘शोधले नाही’ या दोन्हींची रिकामी जागा अहवालात सारखीच दिसते.

विष कुठून आले

सुरुवातीला कारखाने, खते, कीटकनाशके, अगदी गाडलेले विजेचे खांबसुद्धा आरोपी झाले. प्रत्यक्षात हे निसर्गाचेच देणे निघाले. हिमालयातून झिजून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचा गंजासारखा थर असतो आणि त्या थराला आर्सेनिक चिकटून बसलेले असते. गाळाबरोबर पालापाचोळाही गाडला जातो. तो खाणारे सूक्ष्मजीव आधी प्राणवायू संपवतात आणि मग लोहाकडे वळतात. लोहाचा थर विरघळला की त्याला धरून बसलेले आर्सेनिक पाण्यात सुटते. शेतीसाठी पाणी उपसल्याने पातळी खाली जाऊन हवा आत शिरते आणि त्यामुळे विष सुटते, असा दुसरा मतप्रवाह होता. वाद वरवर शास्त्रज्ञांचा होता, पण त्यावर पैसा कुठे घालायचा हे ठरणार होते. उपसा हे कारण असेल तर उपसा थांबवा. गाळातली हवाबंद रसायनक्रिया हे कारण असेल तर वेगळ्या खोलीचे पाणी शोधा. पुरावा हवाबंद रसायनक्रियेच्या बाजूने जमत गेला. 150 मीटरपेक्षा खोल, जुन्या गाळातले पाणी बहुतेक ठिकाणी सुरक्षित निघाले.

आणखी एक विचित्र गोष्ट हाती आली. आर्सेनिक गावभर सारखे पसरलेले नसते. एका अंगणातला हापसा विषारी आणि तीस-चाळीस मीटरवर शेजारचा स्वच्छ. ‘हे गाव वाईट’ असे म्हणताच येत नाही. प्रत्येक हापसा वेगळा तपासावा लागतो.

यामुळे संशोधनाची रीतच बदलावी लागली. आधीचे बरेच अभ्यास गावाची सरासरी घेऊन त्या गावातल्या सगळ्यांना तीच लावत. ढाक्याच्या पूर्वेला अडाईहाजार उपजिल्ह्यात कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने 2000 मध्ये वेगळे केले. सुमारे 6,000 हापसे एकेक करून तपासले, ते पाणी पिणाऱ्या जवळपास 12,000 प्रौढांची नावनिशीवार नोंद घेतली, लघवीतले आर्सेनिक मोजले आणि मग वर्षानुवर्षे त्यांच्या मागावर राहिले. 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला त्यांचा निष्कर्ष सांगतो, की या गटातल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे 21 टक्के मृत्यूंचा संबंध 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिकशी जोडता येतो. यात फक्त तळहाताच्या गाठी किंवा कर्करोग मोजलेला नाही. हृदयविकारासारखे, डॉक्टरने कधी पाण्याशी जोडलेच नसते असे मृत्यूही त्यात आहेत. दहा वर्षांच्या मुलांच्या बौद्धिक चाचण्यांतही जास्त आर्सेनिकवाले पाणी पिणारी मुले मागे दिसली. कातडीवरचे डाग हा हिमनगाचा दिसणारा तुकडा होता.

डाग मात्र दिसत होते आणि त्यांची किंमत बायका मोजत होत्या. लोकांनी याला कुष्ठरोग मानले, शाप मानला, स्पर्शाने होतो असे मानले. मुलींची लग्ने अडली, लग्न झालेल्यांना माहेरी धाडले गेले. औषध विचारायला आलेल्याला डॉक्टर फार काही देऊ शकत नव्हता. ते पाणी बंद करा, हाच मुख्य उपचार.

शेजारच्या अंगणातला हिरवा हापसा

उपाय काय काय झाले, ते थोडक्यात सांगतो. घरगुती गाळणी आल्या. रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांच्या लोखंडाच्या मिश्रणावर चालणाऱ्या ‘सोनो’ गाळणीला 2007 मध्ये अमेरिकेत 10 लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. तळ्याच्या पाण्यासाठी वाळूची गाळणी, पावसाचे पाणी साठवणे, उघड्या विहिरी पुन्हा खणणे, असे सगळे करून झाले. यातल्या प्रत्येकाला रोजची राखण लागते, आणि राखण करायची कुणी हे बहुतेक प्रकल्पांनी गृहीत धरले, ठरवले नाही. वर्षा-दोन वर्षांत त्यांतले पुष्कळसे कोपऱ्यात पडले.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय कुठल्याच प्रदर्शनात मांडण्यासारखा नव्हता: चाचणी करा, निकाल सांगा आणि लोकांना शेजारच्या हिरव्या हापशावर जाऊ द्या. विष ठिगळाठिगळाने पसरलेले असल्यामुळे बहुतेक लाल हापशांपासून शंभरेक मीटरच्या आत एक तरी हिरवा होताच. अडाईहाजारमध्ये आपले पाणी वाईट आहे एवढे कळल्यावर वर्षभरात सुमारे 60 टक्के कुटुंबांनी हापसा बदलला. ना यंत्र, ना अनुदान.

उरलेले 40 टक्के का नाही गेले? शेजारचे अंगण म्हणजे दुसऱ्याची खाजगी जागा. तिथे रोज कळशी घेऊन जाणे म्हणजे रोज उपकार घेणे. जमिनीवरून भांडण असेल तर विषयच संपला. पडदा पाळणाऱ्या घरातल्या सुनेने दुसऱ्या कुळाच्या अंगणात दिवसातून चारदा जायचे कसे? आणि हापसा ज्याचा, त्याला सगळ्या वस्तीची रांग आपल्या दारात नको असते. हातपाय गळून पडत नाहीत, पोट दुखत नाही, वीस वर्षांनी काहीतरी होईल म्हणतात; त्यासाठी आज कमीपणा घ्यायचा? मला त्यांचे वागणे अडाणीपणाचे वाटत नाही. सिगारेटच्या पाकिटावरचे चित्र बघूनही आपण काय करतो ते आपल्याला माहीत आहे.

याहून अवघड गोष्ट नंतरच्या अभ्यासांत दिसली. ज्या भागात लोकांना उथळ हापशांपासून तोडले, तिथे काही घरे तळ्याकडे आणि उघड्या विहिरीकडे परतली, काहींनी लांबून आणलेले पाणी घरात जास्त दिवस साठवले. हगवण वाढली, आणि एका विश्लेषणात लहान मुलांचे मृत्यूही वाढलेले आढळले. आर्सेनिक पंचवीस वर्षांनी बापाला मारते, हगवण तीन दिवसांत तान्ह्याला. लाल रंग फासणाऱ्याच्या हातात फक्त पहिल्या धोक्याचा डबा होता. 1970 च्या दशकात जंतू बघताना आर्सेनिक सुटले होते; 2000 नंतर आर्सेनिक बघताना जंतू सुटले.

रंग उडाल्यावर

देशव्यापी तपासणी 2003 च्या सुमारास आटोपली आणि पुन्हा त्या प्रमाणावर बराच काळ झाली नाही. क्षेत्रीय चाचणी-संचांच्या अचूकतेवर आधीच टीका झाली होती. चक्रवर्तींच्या गटाने तर अनेक हापशांना चुकीचा रंग लागल्याचे दाखवले होते. पण माझ्या मते खरी गोम अचूकतेत नव्हती. हापसा काही कायमचा नसतो. दहाएक वर्षांत निकामी होतो, लोक बाजूला दुसरा मारतात. रंग तर त्याच्या कितीतरी आधी पोपडे सुटून जातो, आणि पाण्यातल्या लोहाने सगळ्याच हापशांच्या तोंडाला तांबूस डाग पडलेले असतात. एकदाच केलेली तपासणी म्हणजे एका दिवसाचे छायाचित्र होते आणि कारभार मात्र तो कायमचा नकाशा समजून पुढे चालला.

सरकारचा पैसा यानंतर मुख्यतः खोल बोअरांकडे वळला. उपाय चांगला आहे. प्रश्न बोअर कुठे बसतो हा आहे. एका खोल बोअरच्या खर्चात शेकडो हापशांची चाचणी होते, तेव्हा तो गावात सर्वांना पोहोचेल अशा जागी बसायला हवा. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 2016 च्या अहवालात 2006 ते 2012 मधल्या सुमारे 1,25,000 सरकारी पाणवठ्यांची माहिती तपासली. नव्या पाणवठ्यांच्या निम्म्या जागा ठरवण्यात खासदारांचा हात चालत होता, आणि त्यांतले पुष्कळ समर्थकांच्या अंगणात गेले. जिथे आर्सेनिक फारसे नाही अशा भागांतही खोल बोअर बसत राहिले. लोक त्याला ‘सरकारी बोअर’ म्हणत असले तरी फाटक कुणाचे आहे ते त्यांना ठाऊक होते. त्याच अहवालानुसार सुमारे 2 कोटी लोक तेव्हाही राष्ट्रीय मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिक असलेले पाणी पीत होते, आणि आर्सेनिकशी संबंधित मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे 43,000 होता. राष्ट्रीय मर्यादा अजूनही 50 आहे. ती 10 करायची तर आज ‘हिरवे’ असलेले लक्षावधी हापसे एका रात्रीत लाल होतात.

या सगळ्यात मला आशेचा वाटलेला धागा प्रयोगशाळेतला नाही, मिस्त्रीचा आहे. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात संशोधकांच्या लक्षात आले, की बोअर मारणाऱ्यांना वाळूच्या रंगावरून पाण्याचा अंदाज येतो. काळी-करडी वाळू आली तर पाण्यात आर्सेनिक असण्याची शक्यता मोठी, तांबूस वाळूत कमी. तांबूस म्हणजे लोहाचा थर अजून शाबूत आहे आणि त्याने विष धरून ठेवले आहे. रसायनशास्त्र तेच सांगते. देशातले बहुसंख्य हापसे ही माणसे बसवतात. हातात एक चाचणी-संच आणि वाळूचा रंग ओळखायचे प्रशिक्षण एवढे त्यांना दिले, तर पाणी पिण्याआधीच निकाल कळू शकतो. काही ठिकाणी हे करून बघितले गेले.

पण मिस्त्रीला मजुरी फुटावर मिळते आणि सामान घरमालक आणतो. करड्या वाळूतच पाणी लागले की मालक विचारतो, अजून किती पाइप लागतील. तांबूस थर कदाचित पन्नास फुटांवर असेल, कदाचित नसेल. तळहात पाइपावरून उठतो, खालून पाणी येते, थंड आणि नितळ. काम थांबते, ओटा बांधला जातो. त्या हापशाच्या तोंडाला कुठलाच रंग नसतो.